पब आधी ठरवा, वाट मागून आखा: ‘यॉर्कशायर थ्री पीक्स’साठी मित्रांसोबत बारा आठवड्यांची तयारी

राजगडला जाताना गुंजवण्यात एखाद्या घरी सकाळीच पिठलं-भाकरी सांगून ठेवायची आणि गड उतरल्यावर त्यांच्या ओसरीवर पाय पसरून जेवायचं, ही सवय घेऊन आमच्यातले बरेच जण लंडनला आले. इथे डोंगर बुटके, वाटा लांब आणि चिखल जवळजवळ बारमाही. ओसरी मात्र इथेही सापडली. ती म्हणजे वाटेवरच्या गावातला पब.

आठ जणांचा आमचा गट गेली काही वर्षं दर उन्हाळ्यात एखादी मोठी चाल ठरवतो आणि तिच्यासाठी वसंतात तयारीला लागतो. या काळात एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. मित्रांसोबत तयारी करायची असेल तर नकाशावर आधी पब शोधावा आणि त्याच्याभोवती वाट आखावी. पब ठरला की निघायची वेळ ठरते, चालायचा वेग ठरतो, आणि सगळ्यात मागे राहणाऱ्यालाही आपल्याला कुठवर रेटायचं आहे ते कळतं. शिवाय छप्पर, पाणी, शौचालय आणि गरम जेवण एकाच ठिकाणी मिळतं. जिममध्ये एकट्याने केलेला निश्चय तीन आठवड्यांत विरतो. शनिवारी साडेबाराला आठ जणांचं टेबल सांगून ठेवलेलं असलं की कुणी घरी राहत नाही.

लक्ष्य आणि त्याचा हिशोब

आमचं लक्ष्य होतं उत्तर इंग्लंडमधले यॉर्कशायर थ्री पीक्स, म्हणजे तीन डोंगर: पेन-ई-गेंट (६९४ मीटर), व्हर्नसाइड (७३६ मीटर) आणि इंगलबरो (७२३ मीटर). तिन्ही डोंगर एका फेरीत, एकाच दिवशी करायचे. अंतर २४ मैल, म्हणजे सुमारे ३९ किलोमीटर. एकूण चढाई १,५८५ मीटर. हे सगळं १२ तासांत पुरं करायचं, असा प्रघात आहे. कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, त्यामुळे सातशे मीटरचे डोंगर ऐकून आपल्याकडच्या माणसाला ते किरकोळ वाटतात. पण इथे चढून उतरायचं, पुन्हा चढायचं आणि मध्ये कित्येक किलोमीटर माळरान तुडवायचं. माणूस थकतो तो अंतराने.

वेळेचा अंदाज बांधायला स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांचा १८९२ चा नियम आजही वापरतात. दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. थ्री पीक्सला लावून बघा. अंतराचे साधारण ७ तास ४८ मिनिटं, चढाईचे २ तास ३८ मिनिटं. मिळून साडेदहा तासांच्या जवळपास, तेही कुठेही न थांबता. म्हणजे जेवण, फोटो, बुटातला खडा काढणं, वाट चुकणं या सगळ्यासाठी हाताशी दीड तास उरतो. हा आकडा पहिल्याच भेटीत सगळ्यांसमोर मांडा. आमच्या गटातली चालढकल त्याच दिवशी थांबली.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात उत्तर इंग्लंडमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, म्हणून आम्ही तो आठवडा धरला आणि एप्रिलच्या सुरुवातीला तयारी सुरू केली.

बारा आठवडे कसे वाटायचे

आठवड्याच्या मधल्या दिवसांत दोनदा ४५ मिनिटं भरभर चालायचं. तिसऱ्या दिवशी जिने. लंडनमध्ये चढ सापडत नाही ही तक्रार मला मान्य नाही. कॉव्हेंट गार्डन स्टेशनच्या गोल जिन्याला १९३ पायऱ्या आहेत, आणि हॅम्पस्टेड स्टेशनच्या जिन्याला तीनशेहून जास्त. गर्दीची वेळ टाळून आठवड्यातून एकदा चढा. लंडनमधल्याच पार्लमेंट हिल या टेकडीवर पाच-सहा वेळा वर-खाली केलं तरी पोटऱ्यांना समज येते.

मोठी चाल दर शनिवारी काढू नका. घरं, मुलं, कामं असलेल्या आठ माणसांना ते झेपत नाही, आणि दोन महिने टिकत तर नाहीच. आम्ही एका आड एक शनिवार धरला. पहिली चाल ११-१२ किलोमीटर, मग १६, मग २२, आणि शेवटची मोठी चाल २५-२६ किलोमीटर, तीही प्रत्यक्ष दिवसाच्या तीन आठवडे आधी. मधल्या शनिवारी ज्याने त्याने घराजवळ दोन तास चालावं. राहिलेल्या एका शनिवारी मधलीच एखादी चाल पुन्हा करावी. पावसामुळे बुडालेली चाल भरून काढायलाही तो दिवस उपयोगी पडतो. शेवटचे तीन आठवडे चाल कमी करत न्यायची. तयारीत ३९ किलोमीटर एकदाही चालायची गरज नाही. २५ किलोमीटर चालून दुसऱ्या दिवशी जिना सरळ उतरता आला, तर उरलेलं अंतर सोबतीच्या जोरावर पार पडतं.

नकाशावर पब शोधणं आणि उलटी वेळ मोजणं

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेचा केशरी मुखपृष्ठाचा ‘एक्सप्लोरर’ नकाशा घ्या. त्यावर चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि शेतांची कुंपणंसुद्धा दिसतात. सार्वजनिक पायवाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात आणि पबला निळ्या मगाचं चिन्ह असतं. फोनवर अॅप ठेवा, पण कागदी नकाशाही पाठपिशवीत असू द्या. दऱ्यांमध्ये फोनची रेंज जाते आणि थंडीत बॅटरीही लवकर उतरते.

प्रत्यक्ष वाटेवर खांबांवर बाण असतात. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी चालणाऱ्यांची वाट. निळा म्हणजे घोडे आणि सायकलींनाही मोकळी. वाट एखाद्याच्या शेतातून, कधी अगदी अंगणातून जाते आणि सुरुवातीला आपल्याला संकोच वाटतो. तो बाळगू नका. त्या वाटेवरून चालणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे. फाटक उघडं असेल तर उघडं ठेवायचं, बंद असेल तर बंद करायचं, आणि उभ्या पिकातून वाटेपुरतंच जायचं.

आता पब कुठे असावा? माझं मत स्पष्ट आहे: एकूण अंतराच्या दोन-तृतीयांशावर, आणि दिवसातली सगळ्यात मोठी चढण झाल्यावर. अर्ध्याच्या आधी पब आला तर उरलेली वाट डोंगराएवढी वाटते. अगदी शेवटी ठेवला तर दुपारी तीनपर्यंत सगळे उपाशी, आणि उपाशी माणसं वाटेवरून भांडतात.

खेड्यातल्या पबचं स्वयंपाकघर दुपारी बाराच्या सुमाराला सुरू होतं आणि बऱ्याच ठिकाणी अडीचला बंद होतं. मग थेट संध्याकाळी सहाला. काही पब सोमवारी उघडतच नाहीत. एकदा ससेक्समधल्या एका गावात आम्ही दोन पस्तीसला पोचलो आणि आठ जणांनी बटाट्याच्या वेफर्सच्या बारा पुड्यांवर दुपार काढली. त्यातले दोघे त्या दिवशी पहिल्यांदाच आमच्यासोबत आले होते, आणि ते पुन्हा आले नाहीत. त्याचं मला अजूनही वाईट वाटतं, कारण चूक वेळ मोजण्यातली होती आणि वेळ मी मोजली होती.

तेव्हापासून मी उलटी मोजते. समजा पबपर्यंत आठ किलोमीटर आणि २५० मीटर चढाई आहे. नाइस्मिथच्या नियमाने दोन तास. आठ जणांचा गट म्हटला की त्यात तिसरा हिस्सा वाढवायचा, म्हणजे दोन तास चाळीस मिनिटं. साडेबाराला टेबलावर बसायचं असेल तर पावणेदहाला चालायला सुरुवात झालीच पाहिजे. आणि स्टेशनवर उतरल्यापासून पहिलं पाऊल पडेपर्यंत वीस मिनिटं जातात, म्हणून गाडी सव्वानऊला पोचणारी पकडायची. दोन-तीन दिवस आधी पबला फोन करून तीन गोष्टी विचारा: स्वयंपाकघर कधी बंद होतं, आठ जणांना जागा आहे का, आणि चिखलाचे बूट चालतात का.

आमच्या चार चाला

पहिली बॉक्स हिल. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून तासाभराच्या आत बॉक्स हिल अँड वेस्टहम्बल स्टेशन येतं. तिथून मोल नदीवरच्या १७ दगडांवरून पलीकडे जायचं. दुसऱ्या महायुद्धात जुने दगड गेले आणि १९४६ मध्ये नवे बसवले, तेच आजचे. नदी फुगली की ते पाण्याखाली जातात. तेव्हा हट्ट न करता जवळच्या पुलावरून जा. मग पायऱ्यांची खडी चढण, माथ्यावरून डॉर्किंगचं खोरं, आणि जंगलातल्या वर-खाली वाटेने मिकलहॅम गाव. तिथे ‘रनिंग हॉर्सेस’ आणि ‘विल्यम द फोर्थ’ असे दोन पब आहेत. एक भरला तर दुसरा असतो, म्हणून नवख्या गटाला ही वाट बरी. जेवून नॉरबरी पार्कमधून परत स्टेशन. नकाशा एक्सप्लोरर १४६.

दुसरी लीथ हिल, त्याच नकाशावर. डोंगर २९४ मीटरचा आणि माथ्यावर अठराव्या शतकातला बुरूज. होमवुड स्टेशनवरून चढायला लागून, बुरुजावरून कोल्डहार्बर गावातल्या ‘प्लाऊ’मध्ये जेवायचं आणि डॉर्किंगला उतरायचं. साधारण १६ किलोमीटर. होमवुडला मोजक्याच गाड्या थांबतात, वेळापत्रक आदल्या रात्री बघा. पायथ्याची माती चिकणी आहे. एप्रिलमध्ये प्रत्येक बुटाला अर्धा किलो चिखल चिकटतो, आणि मांड्यांना त्याचा व्यायाम होतो.

तिसरी समुद्राकाठची सीफर्ड ते ईस्टबोर्न, २२ किलोमीटरच्या आसपास. मध्ये सेव्हन सिस्टर्सचे पांढरे कडे. एक टेकडी चढून उतरेपर्यंत दुसरी समोर उभी, असं एकामागून एक. गुडघ्यांच्या तयारीला दक्षिण इंग्लंडात याहून चांगली जागा मला माहीत नाही. बर्लिंग गॅपच्या अलीकडे आत वळलं की ईस्ट डीन गावात, हिरवळीच्या कडेला ‘टायगर इन’ लागतं. उन्हात तिथे फार गर्दी होते, म्हणून बारा वाजताच पोचा. कड्याच्या काठापासून लांब राहा. तो खडू आहे, खालून पोखरला जातो आणि काही सूचना न देता ढासळतो. फोटोसाठी टोकावर उभं राहणाऱ्या मित्राला मागे ओढा, त्याला राग आला तरी चालेल. एखाद्याचे पाय संपले तर ईस्टबोर्न-ब्रायटन बस याच गावांतून जाते.

चौथी ईडेल, पीक डिस्ट्रिक्टमध्ये. ही रंगीत तालीम. शुक्रवारी रात्रीच शेफील्ड किंवा ईडेल गाठायचं. सकाळी जेकब्स लॅडर या खड्या वाटेने किंडर स्काउटच्या पठारावर चढायचं, ते ६३६ मीटर, काठाकाठाने किंडर डाउनफॉलचा धबधबा बघायचा आणि उलट फिरून गावात ‘ओल्ड नॅग्ज हेड’मध्ये उतरायचं. याच पबपाशी पेनाइन वे ही ४३१ किलोमीटरची पायवाट सुरू होते. इतकं झाल्यावर सगळ्यांना दिवस संपला असं वाटतं. तेव्हाच टेबलावरून उठून समोरच्या हॉलिन्स क्रॉसवरून ५१७ मीटरच्या मॅम टॉरवर चढायचं. आखडलेल्या पायांनी, भरल्या पोटी, पुन्हा चढायला लागणं, हीच थ्री पीक्समधली खरी कसोटी आहे आणि ती इथे आधी देऊन ठेवता येते.

किंडरवर चढताना मी दरवेळी थोडी थांबते. २४ एप्रिल १९३२ ला शेकडो कामगार, बहुतेक मँचेस्टरच्या बाजूचे, परवानगी न घेता या पठारावर चढले. तेव्हा हे माळरान जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेलं होतं. त्यातल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ चा राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला आणि २००० साली माळरानावर मोकळं फिरण्याचा हक्क कायद्यात आला. हजारो मैलांवरून आलेल्या आपल्यासारख्यांनाही ती मोकळीक तशीच मिळते, कुणी कागद मागत नाही.

पबच्या दारात आणि टेबलावर

दारात बूट काढा. दोन प्लास्टिक पिशव्या खिशात ठेवल्या तर बुटांवर चढवून आत जाता येतं, पण जाड मोज्यांवर बसण्यातला आराम वेगळाच. इथे टेबलावर बसून वेटरची वाट बघायची नसते. बारवर जायचं, टेबलाचा क्रमांक सांगायचा, तिथेच पैसे द्यायचे. राउंडची पद्धत, म्हणजे प्रत्येकाने आळीपाळीने सगळ्यांसाठी पेये घ्यायची, दोघा-तिघांत ठीक असते. आठ जणांत ती सुरू झाली की प्रत्येकाच्या वाट्याला नको तेवढे पेले येतात. आम्ही सकाळी गाडीतच प्रत्येकी ठरावीक रक्कम एकाकडे जमा करतो आणि सगळं त्यातूनच भागवतो. न पिणाऱ्यावर पिणाऱ्यांचा खर्च पडू नये, म्हणून बिअर ज्याची त्याने घ्यावी.

आपला डबा पबमध्ये उघडू नका. थेपले, शेंगदाण्याचे लाडू, चिक्की, खजूर हे वाटेत दर तासाला थोडं थोडं खायचं. शाकाहाऱ्यांना सूप-ब्रेड, चीज-लोणचं-ब्रेडचं प्लाउमन्स, भाजी भरून भाजलेला ‘पाय’, रविवारी नट रोस्ट (दाणे-सुकामेव्याचा भाजलेला पदार्थ) असं काही ना काही मिळतं. तळलेलं आणि पोटभर खाऊन चढायला लागलात तर पहिल्या किलोमीटरलाच पश्चात्ताप होईल. निघताना पाण्याच्या बाटल्या भरून मागा. इंग्लंड आणि वेल्समध्ये परवानाधारक पबने गिऱ्हाइकाला नळाचं पाणी फुकट द्यायचं, असा नियमच आहे.

थांबा पाऊण तासाचा, त्याहून जास्त नको. बसल्याबरोबर कोरडा थर अंगावर चढवा, नाहीतर घाम गार होऊन स्नायू आखडतात. उठल्यावर पहिली दहा मिनिटं मुद्दाम सावकाश चाला.

बिअरबद्दल आमचा नियम कडक आहे आणि तो पाळल्याने कुणाची मजा गेली नाही. मोठा उतार शिल्लक असेल तर दारू नाही. नसेल तर जास्तीत जास्त अर्धा पाइंट, म्हणजे २८४ मिलिलिटर. चार टक्क्यांच्या पूर्ण पाइंटमध्ये २.३ युनिट, म्हणजे सुमारे २३ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असतं. थकलेल्या, पाणी कमी प्यायलेल्या माणसाचा तोल ओल्या दगडांवर तेवढ्यानेही जातो. उरलेला अर्धा पाइंट गावात परतल्यावर प्या. लाइम-सोडा, बिनअल्कोहोलची बिअर, चहा हे सगळं बहुतेक पबमध्ये मिळतं. आमच्यातले तिघे अजिबात पीत नाहीत, आणि पब ठरवण्यात तेच सगळ्यात पुढे असतात. गाडी चालवणाऱ्याने एक थेंबही घ्यायचा नाही. बहुतेक चाला रेल्वेने आखल्या त्या याचसाठी.

मागे राहणारा

पुढचे लोक टेकडीवर बसून पाणी पितात, मागचा धापा टाकत पोचतो आणि तो पोचताच पुढचे उठून चालू लागतात. म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. आमच्याकडे शेवटचा माणूस बसला की तिथून पाच मिनिटं मोजतात. चढणीवर सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढून दुसरा ठेवतो, आणि अनुभवी एक जण ठरवून सगळ्यात मागे राहतो. फाट्यावर कुणीही सगळे आल्याशिवाय वळत नाही.

पायांबद्दल थोडक्यात. नवे बूट पहिल्या चालीला नको, दोन आठवडे ते कामावर घालून जा. टाचेला गरम लागायला लागलं की तिथेच बसून चिकटपट्टी लावा, फोड येईपर्यंत थांबू नका. उतारावर नाडी घोट्यापाशी घट्ट बांधा म्हणजे अंगठे बुटाच्या टोकावर आपटत नाहीत. नखं आदल्या रात्री कापा. उन्हाळ्यात लांब गवतातून आलात तर घरी गेल्यावर गोचीड बघा, सापडली तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा. शेतात वासरं असतील तर गाय आणि वासरू यांच्या मधून जाऊ नका.

डोंगरात अपघात झाला तर ९९९ ला फोन करून आधी पोलीस मागायचे, मग माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरातलं बचाव पथक. रेंज कमी असताना एसएमएस जातो, पण त्यासाठी घरूनच ९९९ ला ‘रजिस्टर’ हा शब्द इंग्रजीत पाठवून नाव नोंदवावं लागतं. शिट्टीचा इशारा म्हणजे मिनिटाला सहा वेळा. हे आठही जणांना माहीत हवं.

प्रत्यक्ष दिवस

सकाळी सहाला हॉर्टन-इन-रिबल्सडेल या गावाहून निघा. नकाशा एक्सप्लोरर मालिकेतलाच, ओएल २. पेन-ई-गेंट ताज्या पायांनी होतो. त्याचा शेवटचा टप्पा हाताने दगड धरत चढायचा आहे. तिथून रिबलहेडपर्यंत लांब माळ. २४ कमानींचा रेल्वेपूल दिसायला लागला की जवळच ‘स्टेशन इन’ आहे. साडेदहापर्यंत तिथे पोचलात तर गणित बरोबर चाललंय. पब उघडा असो वा नसो, इथे आपलाच डबा खायचा, बाहेर, वीस मिनिटांत. व्हर्नसाइड उतरून चॅपल-ले-डेलला ‘ओल्ड हिल इन’ येतं. तिथे बाकावर टेकायचं, लाइम-सोडा घ्यायचा आणि पंधरा मिनिटांत उठायचं, कारण समोर इंगलबरोची दिवसातली सगळ्यात खडी चढण उभी असते. कुणाला पुढे जायचं नसेल तर थांबायची जागा हीच. गावातून टॅक्सी सांगता येते, आणि एकाने त्याच्यासोबत थांबायचं, हे सकाळीच ठरवून ठेवा.

इंगलबरोवरून हॉर्टनपर्यंतचा उतार लांब आणि दगडाळ आहे. काठ्या असतील तर त्या इथे बाहेर काढा. हॉर्टनच्या पबमध्ये संध्याकाळी साडेसातचं टेबल आदल्या आठवड्यातच सांगून ठेवा. किती जण येतील ते विचारतील, तेव्हा आठच सांगा. इंगलबरो न चढलेलेही त्या टेबलावर असतात.